तेवीस तास

विमानाच्या तिकिटांच्या दुकानात एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या या माणसाला सगळे 'तासवाले' म्हणायचे. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, गडी डोळे मिटून सांगणार: मधलं अंतर एवढं, हवेत एवढे तास, विमान बदलायला एवढे, दारापासून दारापर्यंत एवढे. स्वतः जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, ते सोडा. पण आकड्यांचा माज होता बुवा! कुणी तासाभरानं चुकलं, की भर दुकानात त्याची बिनपाण्यानं केलीच म्हणून समजा.

एकुलता एक मुलगा परदेशात होता. अकरा हजार चारशे किलोमीटर, दारापासून दारापर्यंत तेवीस तास. हा आकडा बायकोलाही तोंडपाठ होता. मुलगा तिकडून निघाला, की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तास मोजत बसायची.

मग ती अंथरुणाला खिळली. सोमवारी सकाळी डॉक्टर तपासून म्हणाले, "आजचा दिवस. फार तर संध्याकाळ."

मुलाचा फोन आला. "बाबा, निघू? बॅग भरलीय."

"बारा तास उरलेत. तुला तेवीस लागतील. उगाच जिवाचा आटापिटा कशाला? नाही पोचणार."

"अहो, येऊ द्या की त्याला!" मेहुणी तडकली. "डॉक्टर म्हणजे काय देव लागून गेलेत?"

"हिशेब आहे तो," हा म्हणाला. शहाणा मोठा!

मंगळवारी सकाळी बायकोनं डोळे उघडले. "निघाला का हो तो?"

"निघालाय. विमानात आहे," यानं दडपून सांगितलं. तिचा चेहरा फुलला. डॉक्टर म्हणाले, आता काही तासच. मुलानं पुन्हा विचारलं, निघू? यानं पुन्हा वजाबाकी केली. "नाही पोचणार." बुधवारी तेच. अहो, सोमवारी निघाला असता तर मुलगा केव्हाच आईच्या उशाशी बसला असता, हे काय याला कळत नव्हतं? पण एकदा तोंडातून गेलेला आकडा मागे घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

गुरुवारी सकाळी खोलीत दोघंच होती. तिनं घड्याळाकडे बोट केलं.

"मंगळवारी या वेळी विमानात होता ना तो? अठ्ठेचाळीस तास झाले."

"वाटेत विमान अडकलंय गं."

"तुमचा आकडा कधी चुकत नाही," ती म्हणाली. "म्हणजे त्याला यायचंच नाहीये."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हा घड्याळाकडे बघत बसला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं, ते परत वळवलं नाही. अकराला सगळं संपलं. त्याच मिनिटाला यानं मुलाला फोन करून निघायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी दहाला मुलगा दारात उभा राहिला. यानं सवयीनं आधी घड्याळ बघितलं. बरोब्बर तेवीस तास.

"बाबा, शेवटी आई माझ्याबद्दल काही बोलली?"

"सोमवारपासून शुद्धच नव्हती तिला," हा म्हणाला आणि मुलाच्या हातातली बॅग घेतली.