अण्णांचं अर्धं

जगातली कुठलीही गोष्ट पुरी करणं हे आमच्या प्रयोगशाळेतले अण्णा पाप समजत. राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातले हे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ सिनेमा मध्यंतराला सोडत, डोसा अर्धा ठेवत आणि कॉफी फक्त ‘बाय-टू’ घेत, एकच कॉफी दोन पेल्यांत. म्हणजे दुसरा अर्धा पेला माझ्या नशिबी. मी पुण्याहून या कानडी मुलखात नुकताच आलेला. एकदा ते न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी उठून कामावर आले.

काम तरी त्यांनी तसलंच निवडावं? नायट्राइल नावाच्या रसायनापासून अल्डिहाइड करायचं. त्यात सोडायचं औषध बेतानं घातलं तर अल्डिहाइड, जास्त झालं की गाडी थेट पुढच्या अमाइनवर आणि माल वाया. म्हणून कोरड्या बर्फाच्या गारठ्यात थेंब थेंब सोडायचं आणि वेळीच थांबायचं. अण्णा फ्लास्ककडे बघत बसत आणि एकदम म्हणत, “साकु! पुरे!”

ज्या नायट्राइलसाठी मी चार महिने खपलो होतो आणि ज्यावर माझी नोकरी पक्की व्हायची होती, त्याची बाटली एका सकाळी उचलली आणि मी हादरलो. अर्धं गायब!

“मीच घेतलं,” अण्णा शांतपणे म्हणाले.

“अण्णा, ही चोरी आहे!”

“सरी, बरं. उरलेलं कर तू.”

प्रयोगशाळेतले बाकीचे नुसते हसले. रागाच्या भरात मी कामाला लागलो. अण्णा “साकु, साकु” म्हणत राहिले आणि मी मुद्दाम औषध सोडत राहिलो. तपासून बघतो तर सगळं अमाइन. माझं उरलेलं अर्धंही वाया गेलं.

अण्णांनी फ्रिजमधून माझं अर्धं काढून समोर ठेवलं. “घे. स्वल्प सावकाश.”

“तुम्हीच करा ना, अण्णा.”

“नको रे. तूच कर.” हात पाठीमागे बांधून ते शेजारी उभे राहिले. ते “साकु” म्हणाले, मी थांबलो. अल्डिहाइड मिळालं, नोकरीही टिकली.

पुढे निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी नोकरीही मध्येच सोडली. आम्ही थक्क! जाताना फ्रिजची चावी माझ्याकडे दिली. आत आम्हा सगळ्यांच्या नावाच्या बाटल्या होत्या, प्रत्येकाचं अर्धं. जुन्या चिठ्ठ्यांवर मोत्यासारखं अक्षर, अलीकडच्यांवर मात्र थरथरलेलं. माझी ती बाटलीही त्यांनी धुऊन ठेवली होती. तिच्यावरचं त्यांच्या हातचं माझं नाव इतकं वाकडंतिकडं, की मलाच धड वाचता येईना. त्या दिवशी त्यांनी हात पाठीमागे का बांधले होते, ते तेव्हा कळलं. खाली कॉफीच्या टपरीवर जाऊन मी सवयीनं बाय-टू मागितली आणि दोन्ही पेले एकट्यानंच प्यायलो.