एकोणीस वर्षांचं औषध

आमच्या गावात निर्व्यसनी माणूस दाखवायचा झाला की लोक माझ्याकडं बोट करायचे. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि हाताखालचा कुणी गडी गुटख्याची पुडी फाडताना दिसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मला स्वतःलाही हे सगळं खरंच वाटायचं. रोज सकाळी चहाबरोबर मी हरभऱ्याएवढी अफू गिळत होतो, ती या हिशेबात कधी आलीच नाही.

आमची खव्याची भट्टी आहे, परंड्याच्या अलीकडं. म्हशीचं दूध कढईत ओतायचं, खाली जाळ घालायचा आणि लोखंडी उलथन्यानं ते सारखं हलवत राहायचं. हात थांबला की दूध बुडाला लागलं, आणि लागलं की खवा करपट. एका कढईला तास-सव्वा तास, अशा दिवसाला सहा-सात कढया, आणि हे सगळं वाकून उभ्यानं. खवा करणारा गडी बसत नाही, बसला तर तो आळशी, असा आमच्याकडचा कायदा. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या कमरेनं दगा दिला, तेव्हा माझ्या चुलतभावानं ज्वारीच्या दाण्याएवढी काळी गोळी तळहातावर ठेवली.

"घे. आपल्या आज्याचं औषद हाय," तो म्हणाला.

कंबर तासाभरात गप्प झाली. पुढं ज्वारीची तूर झाली आणि तुरीचा हरभरा. बायको रोज डबीतून गोळी काढून बशीच्या कडेला ठेवायची, न चुकता, उपासाच्या दिवशीसुद्धा. म्हाताऱ्यांच्या खोकल्याला, लेकरांच्या हगवणीला हेच दिलेलं आम्ही दोघांनीही लहानपणापासून पाहिलेलं. जे आजा घेत होता ते व्यसन कसं असेल?

मग एके दिवशी कढईसमोरच छातीत कळ आली आणि डावा हात बधिर झाला. सोलापूरच्या दवाखान्यात सांगितलं, हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, बायपास करावी लागेल. भरती करून घेताना नर्सनं कागद पुढं ओढून विचारलं, "व्यसन काही?"

"अजिबात नाही," मी दुखऱ्या छातीनंच, पण छाती काढून सांगितलं.

"सुपारी बी खात न्हाईत," बायकोनं भर घातली.

ऑपरेशन चांगलं झालं. पहिले दोन दिवस सुयांमधल्या औषधांच्या गुंगीत गेले. तिसऱ्या दिवशी माझं शरीर फितूर झालं. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायात असे गोळे की पाय काढून खाली ठेवावेत. जुलाब तर थांबेनात. आणि शिंका! छातीचं हाड तारांनी बांधलेलं, आणि एकामागोमाग एक शिंका. उशी छातीशी कवटाळून मी प्रत्येक शिंकेला मरत होतो. नाडी धावायला लागली. डॉक्टर घाबरले, जंतुसंसर्ग असेल म्हणून रक्त तपासायला पाठवलं, औषधं बदलली. मला खरं कारण कळत होतं का? आज कबूल करतो, कळत होतं. पण निर्व्यसनी म्हणून मिरवलेलं तोंड उघडेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी किती जणांना ऐकवली होती!

भेटायच्या वेळेला बायको आली. माझ्याकडं बघितलं आणि सरळ डॉक्टरांसमोर जाऊन तिनं कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून डबी निघाली.

"डाक्टरसाहेब, ह्यांचं रोजचं औषद बंद हाय, तवापासनं असं झालंय. देऊ का आता?"

डॉक्टरांनी डबी उघडली, वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. शेजारच्या तिन्ही खाटांवरचे पेशंट आणि त्यांची माणसं, सगळी ऐकत होती.

"किती वर्षं घेतात?"

"येकुणीस. पण वेसन न्हाय बरं का, औषद हाय."

मला वाटलं डॉक्टर हसतील, नाहीतर ओरडतील. ते म्हणाले, "मावशी, हे तुम्ही आज सांगितलं नसतं तर आम्ही भलतीकडंच शोधत बसलो असतो." किती मोठी गोळी, त्यांनी विचारलं. तिनं करंगळीचं नख दाखवलं. नवीन टाके असलेल्या हृदयावर अफू एकदम तोडण्याचा ताण नको, म्हणून मोजून दुसरं औषध देऊ आणि ते हळूहळू कमी करत बंद करू, असं त्यांनी समजावलं. डबी मात्र परत दिली नाही.

संध्याकाळी मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. मी तडकलो. "मी काय येडा हाय का?"

"नाही काका. तुम्हाला वेड नाही लागलं, अफू लागलीय. ती सुटते. तुम्हाला सोडायचीय का?"

 मी उलटं एकच विचारलं, "गोळीशिवाय मला परत भट्टीवर काम करता येईल का?" कारण खरी भीती तीच होती. मरणाची इतकी नव्हती. एकोणीस वर्षं खवा मी करत होतो की ती गोळी, हेच मला ठाऊक नव्हतं.

"ते करूनच बघावं लागेल," बाई म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला.

बायकोशी मी दोन दिवस बोललो नाही. चार माणसांत माझी अब्रू काढली म्हणून. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ती खिडकीशी उभी राहून रडत होती. "म्या माझ्या हातानं देत व्हते," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, पहिल्यांदा योग्य गोष्टीची.

दीड महिन्यात औषध कमी होत होत बंद झालं. घरी येऊन मी सगळ्यांना पिडलं. चहा गरम का, गार का, कोंबडा ओरडला का. गुडघे ठणकायचे, झोप यायची नाही. भट्टी सून बघत होती. अंगणातल्या खाटेवरून मला तिचं काम दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं. तिनं लोहाराकडून उलथन्याला लांब दांडा लावून घेतला होता आणि ती चक्क स्टुलावर बसून दूध हलवत होती.

"बसून कुठं खवा व्हतो का?" मी ओरडलो. "भाकरी थापायलीस व्हय?"

"मामा, खव्याला काय कळतंय, करणारा हुबा हाय का बसलाय ते?" ती तिथूनच म्हणाली, आणि हात काही थांबला नाही.

पाहुणे केळी आणि बिस्किटं घेऊन भेटायला येत होते. चुलतभाऊही आला. तो अजून घेत होता. बायको आत गेलेली बघून त्यानं कागदाची घडी माझ्या हातात सरकवली. "अफूनंच तुजं काळीज इतकी वर्सं टिकवलं. डाक्टरास्नी काय कळतंय?"

कागद न उघडताच तो कडवट वास नाकात भरला. तोंडाला पाणी सुटलं. मूठ झाकली आणि ती उघडेना. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक सोडवली, हसू नका, खरंच सोडवली, आणि घडी त्याच्या खिशात कोंबली.

तो चिडला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाय. भट्टीवर ये, मग बघू."

"अरे, तिथं छाती उघडली तवा मेलोच व्हतो की," मी म्हणालो. "खोड तिथंच ठिवून आलोय."

बोलायला काय जातंय? चार महिन्यांनी डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली, आणि मी भट्टीकडं निघालो, पण दोनदा अंगणातूनच मागं फिरलो. चुलतभाऊ आधीच येऊन ओट्यावर बसला होता, दूध घालायला आलेले चार-पाच जणही होते. सुनेनं दूध ओतलं. मी सवयीनं वाकून उभा राहिलो आणि हलवायला लागलो. दहाव्या मिनिटाला कमरेतून जी कळ निघाली, ती जुनी ओळखीची. घाम फुटला. ओट्यावरून चुलतभाऊ बघत होता.

मी ओरडलो, "ते स्टूल आण इकडं!"

 सुनेनं स्टूल सरकवलं, लांब दांड्याचं उलथनं हातात दिलं. मी बसलो, सगळ्यांच्या देखत. कमरेवरचा भार गेला. उजवा हात दमला की डावा, डावा दमला की उजवा, तिला बघून शिकलो होतो. दूध आटलं, दाटलं, कडा सोडायला लागलं. तासाभरानं कढईत पांढराशुभ्र, रवाळ खव्याचा गोळा फिरत होता. कुठं करपल्याचा डाग नाही. एकोणीस वर्षं अफू खाल्ली, पण एक स्टूल घ्यावं हे डोक्यात आलं नव्हतं! मला हसू फुटलं, छाती दुखेपर्यंत हसलो, आणि हसता हसता रडलो. खवा मीच करत होतो, गोळी नाही. सून पदरानं डोळे पुसत होती आणि धूर गेला म्हणत होती.

माणसं पांगली. चुलतभाऊ बसूनच राहिला. मग उठून जवळ आला, माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं.

"खरंच काय घेतलं न्हाईस?"

"न्हाय."

 आमच्यात सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस तो. पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"मला जमंल का रं?"

माझ्या जिभेवर दहा टोमणे आले. सगळे गिळले.

"जमंल," मी म्हणालो. "उद्या सकाळच्या पयल्या गाडीनं सोलापूरला जाऊ. मी येतो संगं."