आठ सदऱ्यांवरची हळद

डाग लाल झाला तेव्हा मी आधी माझे हात पाहिले. वाटलं, कुठंतरी कापलं. हात धड होते. लाल झाला होता तो सदऱ्याचा कोपरा. आदल्या दिवशी तिथं बोटाएवढा पिवळा डाग होता. साबण लागल्याबरोबर तो कुंकवासारखा लालभडक झाला. मी आणखी साबण लावला. तो आणखी लाल झाला. दुसरा सदरा घेतला, त्याचंही तेच. असे आठ सदरे होते. आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर मोहतमिम साहेब हेच सदरे बघायला येणार होते. मोहतमिम म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार. त्यांच्या एका सहीवर माझी नोकरी टांगलेली होती.

मी तेव्हा मोमिनाबादच्या एका सरकारी शाळेत ड्रिल मास्तर होतो. हल्ली ज्याला अंबाजोगाई म्हणतात तेच गाव. निजामी अंमल होता. ड्रिल मास्तर म्हणजे मुलांकडून कवायत करून घेणारा. बाकीचे मास्तर त्याला अर्धाच मास्तर समजत. ते वाईट नव्हते. सलाम घेत, सलाम देत. पण मधल्या सुट्टीत ते उर्दू शेरांवर वाद घालत आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसे. माझं गाव नगरकडचं, इंग्रजी हद्दीतलं. दहा वर्षं पलटणीत काढली, फुटबॉल तिथंच शिकलो. सुट्टी घेऊन घरी पोचलो तेव्हा प्लेगनं बायको नेली होती. मूलबाळ नव्हतं. घराला कुलूप लावलं आणि हद्द ओलांडून इकडं आलो. मला फार एकटं वाटायचं. आज हे लिहिताना काही वाटत नाही. तेव्हा मेलो असतो तरी कबूल केलं नसतं.

शाळा सुटल्यावरचे दोन तास तेवढे माझे. त्या दोन तासांत बारा पोरं मला हाका मारत. ‘मास्तर, बॉल द्या’, ‘मास्तर, ह्यानं पाय घातला’. ते दोन तास सोडले तर दिवसभर तोंड उघडायचं कामच नसे.

माझी जागा आरजी होती, म्हणजे तात्पुरती. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “दिवाळीनंतर औरंगाबादेत सुभ्यातल्या शाळांचे सामने आहेत. मोहतमिम साहेबांनी टीम पास केली आणि ती गेली, तर तुमच्या नावाचा कागद कायम करण्यासाठी वर पाठवतो. नाही गेली, तर साल संपलं की रामराम.” रामराम करून मी जाणार कुठं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

टीमची तयारी म्हणजे काय होती ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल गवताचं मैदान आणि बसायला पायऱ्या होत्या. शाळेमागं माळ होता. पोरांना घेऊन मी महिनाभर दगडच वेचले. बाभळीचे सोट रोवून गोल केले. वर आडवी काठी हवी, ती मिळेना, म्हणून सुंभ बांधलं. चेंडू एक, त्याच्या आतला रबरी फुगा तीन ठिकाणी पंक्चर. बूट कोणालाच नव्हते. सगळी टीम अनवाणी. एक घाटनांदूरचा पोरगा इतक्या जोरात चेंडू मारायचा, की मलाच त्याच्या अंगठ्याची काळजी वाटे.

एका बाजूच्या गोलपुढची जमीन चोपून गुळगुळीत झालेली होती. कारण तिथं आमच्या गोलकीपरची, ज्ञानूची आई गयाबाई दर वर्षी उडीद वाळत घालायची. तिचं शेत माळाला लागूनच. मी तिला म्हटलं, “बाई, ही सरकारी जागा आहे. इथं फुटबॉल चालणार.” तिनं कमरेवर हात ठेवले. “सरकार काय उडीद खात न्हाई व्हय? माझी सासू हितंच वाळू घालायची. तुमी काल आलाव.” मी पलटणीच्या आवाजात ओरडलो. तिनं उडीद दहा पावलं मागं सरकवला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. पोरगा मात्र रोज खेळायला पाठवायची.

आता सदरे. टीमला एकसारखा पोशाख पाहिजे, हा वरचा हुकूम. करीम दर्जीनं पांढऱ्या मांजरपाटाचे बारा सदरे शिवले, अकरा खेळणारे आणि एक जादा. उरलेल्या तुकड्यांतून तेरावा माझ्यासाठी. बटणं लावायला त्याला सवड नव्हती. मी पोरांना म्हटलं, “सदरे घरी न्या, आईकडून बटणं लावून आणा.” माझी बटणं मी स्वतः लावली. काळ्या दोऱ्यानं, कारण घरात तोच होता.

दुसऱ्या दिवशी पोरं सदरे घालूनच आली आणि नेमके त्याच दिवशी मोहतमिम साहेब ठरल्यापेक्षा लवकर आले. टीम ओळीत उभी केली. साहेब गोरेपान, हातात छडी, बोलणं मऊ. ते उर्दूत बोलत. मी मराठीत सांगतो. छडीचं टोक त्यांनी ज्ञानूच्या सदऱ्याच्या खालच्या कोपऱ्याला लावलं.

“मास्तर, हे काय?”

मी वाकून पाहिलं. हळदीचं बोट. शेजारच्याच्या सदऱ्यावरही तेच. आठ सदऱ्यांवर आठ बोटं. कोरा कपडा हळद लावल्याशिवाय अंगावर घालायचा नाही, ही आपली रीत. आठ घरांतल्या आठ आयांनी एकमेकींना न विचारता तेच केलं होतं. चौघा मुसलमान पोरांचे सदरे मात्र कोरे होते. त्यातल्या एकाला अत्तराचा वास येत होता, पण वास साहेबांना दिसला नाही.

मी खुलासा केला. साहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, “आठांवर खूण, चौघांवर नाही. औरंगाबादेत लोक म्हणतील, ही एक टीम नाही, दोन आहेत. मला एक टीम पाठवायची आहे. उद्या तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर पुन्हा बघतो. सदरे साफ असले तर सही करतो.”

त्यांचं म्हणणं मला पटलं, हीच पंचाईत. पटलं नसतं तर निदान मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

परीट चार दिवसांनी कपडे देतो. म्हणून सकाळीच मी सदरे गोळा करून माळाच्या विहिरीवर गेलो. पलटणीत एकच शिकवलं होतं: डाग म्हटला की साबण. त्यानंतर काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. लाल डाग बघून मी धुण्याचा सोडा टाकला. आता ते डाग बांधावरून दिसले असते.

ते खरंच बांधावरून दिसले. गयाबाई सूप घेऊन उभी होती. तिचा अबोला पंधरवड्याचा. तो तिथं मोडला.

“कावून रगडायलाव ओ मास्तर? हळदीला कुणी साबण लावतंय का?”

“मग काय लावतात?”

“काय बी न्हाई! सोडा धुवून काढा आन् उनात टाका. हळद उनानं जाती. शेंबड्या पोरीला बी ठावं हाय.” मग तिनं माझ्या हातातला पिळा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “घरात बाईमाणूस न्हाई का तुमच्या?”

“होती,” मी म्हटलं.

  आणि मला तिथंच, ओले हात घेऊन, रडू आलं. सात वर्षं संसार केला. त्यातली बहुतेक पलटणीत गेली, पण जेवढा घरी होतो तेवढे माझे कपडे तीच धुवायची. तिला हे सगळं ठाऊक असणार. हळदीचं, तेलाचं, शाईचं. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. ती गेली तेव्हा हे सगळं तिच्याबरोबर गेलं, आणि मला त्याचा पत्ता विहिरीवर लागला.

गयाबाईनं घमेलं माझ्या हातातून घेतलं. सदरे चार पाण्यांतून काढले. लाल डाग हळूहळू पुन्हा पिवळे झाले. मग ती गोलपुढं गेली, हळूहळू पुन्हा तिथंच आलेला आपला उडीद पदरानं गोळा करून बाजूला केला आणि त्या चोपलेल्या जमिनीवर एक जुनं धोतर अंथरून सदरे पसरले, डाग वर करून. “हितल्यावानी ऊन गावात न्हाई. म्हनून तर सासू हितं वाळू घालायची,” ती म्हणाली. हे मला सुनावण्यासाठी होतं, आणि मी ऐकून घेतलं.

आश्विनातलं ऊन. दर थोड्या वेळानं सदऱ्यांवर पाणी शिंपडायचं, पुन्हा वाळू द्यायचं. शाळेतून सुट्टी मागून मी दिवसभर तिथं बसलो. डागांकडं बघत बसलं की ते जात नाहीत असं वाटतं. दुपारी भाकरी आणायला घरी जाऊन आलो तर निम्मे फिके झाले होते. नमाजाच्या वेळेपर्यंत आठही सदरे साफ. ज्ञानूच्या सदऱ्यावर किंचित छटा होती, ती ठाऊक असणाऱ्यालाच दिसली असती.

साहेब आले. ओळीतून दोनदा फिरले. ज्ञानूपाशी थांबले. 

“परीट चांगला आहे तुमचा,” ते म्हणाले आणि कागदावर सही केली.

मी माळावरून निघताना गयाबाईनं मला गाठलं. माझ्या काखेतल्या कोऱ्या सदऱ्याच्या काळ्या दोऱ्याकडं बोट केलं. “ही बटनं हायत का कुलपं? द्या हिकडं. असं घालून औरंगाबादला जायाचं न्हाई. गावाचं नाक जाईल.” मी तो सदरा तिला दिला. दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं घडी करून आणला. बटणं पांढऱ्या दोऱ्यानं लावलेली.

दिवाळी झाली. बैलगाड्यांतून आम्ही औरंगाबाद गाठलं. पहिल्या सामन्याआधी पोरं कपडे बदलत होती, तेव्हा माझं लक्ष गेलं. ज्ञानूच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला, जो भाग चड्डीत खोचला जातो तिथं, हळदीचं बोट. मी दुसऱ्याचा सदरा उलटून पाहिला. तिथंही. आठही सदऱ्यांना आतून हळद लावलेली.

“ज्ञानू, हे कोणाचं डोकं?”

“आईनं समद्यांच्या घरी जाऊन सांगितलं. म्हनली, आतून लावा. साहेब काय सदरे उलटे करून बघतो का?”

मी हसलो. मग माझा सदरा घालायला घेतला आणि सहज त्याचाही खालचा कोपरा उलटला. तिथं हळदीचं बोट होतं. वर कुंकवाचा ठिपका.

मला किती तरी वर्षांनी कोणीतरी कोरा कपडा रीतीनं घालायला दिला होता. पोरांना दिसू नये म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बटणं लावली. त्याला वेळ लागला.

पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्यात बूट घातलेल्या टीमकडून चार गोलांनी हरलो आणि घाटनांदूरच्या पोराचा अंगठा शेवटी फुटलाच. माझी जागा पुढच्या साली मुस्तकिल, म्हणजे कायम झाली. पेन्शनपर्यंत मी त्याच माळावर होतो. गोलपुढं दर आश्विनात उडीद वाळत असे आणि तेवढे दिवस आम्ही दुसऱ्या बाजूला खेळत असू.

या सगळ्यातून धंद्याला उपयोगी असं मी एकच शिकलो. हळद साबणानं जात नाही, उन्हानं जाते. पुढं टीमचे सदरे कधी डागाळले, तर मी उन्हात टाकत गेलो. माझा तेवढा मी आजवर सावलीत वाळवला.