ईश्वरीचं बटण

आमच्या आळीत एक किस्सा सांगायला घेतला की मागं दुसरा जोडलेलाच असतो, उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात तसा. पुढचा हलला की मागचा ओढला जातो. त्यात माझा ओटा पडला आळीच्या तोंडाशी. वरवंडात शिरणारं-निघणारं निम्मं गाव माझ्यासमोरून जातं. लोक मला चौकस म्हणतात. आता डोळे उघडे ठेवून भाजी निवडायला बसलं की दिसणारच ना! शेजारच्या ईश्वरीचे तर इतके किस्से साठलेत, की आता सांगून टाकलेले बरे.

*

ईश्वरी जेमतेम चालायला लागली होती, तेव्हाची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणीतरी आळीच्या मधोमध सुतळी बॉम्ब लावला. असा फुटला की माझ्या हातातलं ताट खाली. पोरं रडायला लागली, कुत्री पळाली. ईश्वरी मात्र दारातल्या रांगोळीत बोट फिरवत बसलेली. मानसुद्धा वर नाही.

"काय धीट पोर हाय," रेल्वेतले नाना म्हणाले. नाना दौंडला रेल्वेत होते, आता रिटायर. कुणात किती अक्कल आहे हे आमच्या आळीत तेच ठरवतात. "ही पोलिसात जाणार बघा."

आम्ही सगळ्या हसलो. तिची आई सारिका हसली नाही. ती रांगोळीपाशी गेली, लेकीच्या मागं बसली आणि जोरात टाळी वाजवली. मग त्याहून जोरात. तिसऱ्या टाळीला हात वर केले ते तसेच राहिले.

*

पुढं पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून. कानामागं कातडीच्या आत एक मशीन बसवलं आणि त्याची तार पार आतल्या कानात नेली. बाहेरून पेढ्याएवढं एक काळं बटण. आत लोहचुंबक, बटणातही लोहचुंबक, म्हणून ते केसांतून डोक्याला चिकटून बसतं. आवाज बटणात शिरतो आणि आतलं मशीन तो कानाच्या नसेपर्यंत पोचवतं. बटण काढलं की पोर ठार बहिरी. सारिकानं दोन-तीनदा समजावलं तेव्हा माझ्या सातवी पास डोक्यात हे शिरलं.

मशीन चालू करून आणलं त्या दिवशी आख्खी आळी बघायला. नाना पुढं सरकले.

"डोक्यात कंप्युटर बसवलाय म्हटल्यावर आता काय बघायचं? सांग गं पोरी, बारा चोक?"

ईश्वरीनं त्यांच्या ओठांकडं बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला.

"चालू हाय ना मशीन?" नाना म्हणाले.

"चालू हाय, नाना," सारिका म्हणाली. "मशीन ऐकवतं. समजायचं तिचं तिलाच शिकाय लागतंय. तान्हं बाळ वर्षभर नुसतं ऐकतंच की."

"मंग एवढी चिरफाड कशाला? अक्कल तर न्हाईच आली."

सारिकाची सासू, हौसामावशी, उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गुढीपाडव्यापत्तुर बघायचं. मागनं हाक मारल्यावर वळली, चार शब्द बोलली, तर इथल्या शाळंत घालू. न्हाई तर मुक्या पोरांचं वसतिगृह हाय तिकडं लांब. मी इचारून ठिवलंय."

सारिकाचा नवरा दत्ता कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातो. माणूस चांगला, पण आईपुढं त्याचा शब्द फुटत नाही. त्या दिवशीही फुटला नाही. सारिकानं लेकीला उचललं आणि आत नेलं. तेव्हापासून त्या घरात पाडवा हा शब्द कुणी सणासारखा उच्चारला नाही.

*

ते बटण चिकटायचं मात्र कशालाही. गोदरेजच्या कपाटाला, पत्र्याच्या डब्याला, एकदा माझ्या तव्याला. सारिकाचा जीव सारखा त्या बटणात.

एकदा सकाळी बटण गायब. सारिकानं गाद्या उलटल्या, तांदळाचा डबा ओतला, मोरीत हात घातला. मी मदतीला गेले. म्हणजे बघायला गेले आणि मदतीला लागले. हौसामावशी वाटण वाटत मिक्सरपाशी उभ्या. कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं.

शेवटी मलाच दिसलं. फ्रिजच्या दारावर, चुंबकाच्या गणपतीशेजारी, नीट सरळ लावलेलं.

"व्वा," मावशी म्हणाल्या. "ऐकायला मशीन आणलं, फ्रिजची शोभा झाली."

सारिका खालीच बसली. पण मी काय बघितलं ते सांगते. मिक्सर बंद झाला, भांड्याचं झाकण निघालं, आणि ईश्वरी चवड्यांवर उभी राहिली. तिनं फ्रिजवरून बटण काढलं आणि आपलं आपण डोक्याला लावलं.

*

मावशींची परीक्षा रोजची. दुपारच्या चहाआधी पोर अंगणात खेळत असली की गुपचूप तिच्या मागं जायचं आणि हाक मारायची. "ईश्वरीऽ." पोर वळायची नाही. कधी वळल्यासारखी करायची, पण तेवढ्यात कावळा ओरडलेला असायचा. मावशी वळून आत जायच्या. चहा घ्यायच्या.

आणि एक दिवस पोर वळली!

मावशींनी पुन्हा हाक मारली. पुन्हा वळली. मावशींचा आवाज बदलला. "शालन, बघितलं का गं? नाना, आवो नाना, इकडं या." तिसऱ्यांदाही वळली. मावशींनी तिचा मुका घेतला. मी साखर आणायला उठणार, तेवढ्यात सारिका घरातून बाहेर आली. तिच्या हातात नवी बॅटरी होती.

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. मी तरी गप्प राहिले असते.

"आत्या," ती म्हणाली, "तिला ऐकू न्हाई आलं. बटणाची बॅटरी मघाच उतरलीय. मी हीच बदलाय आले."

मावशींनी ईश्वरी बघत होती तिकडं बघितलं. भिंतीशी नुकताच घासलेला स्टीलचा हंडा पालथा घातला होता. मावशींनी आपला तांबडा पदर हलवला. हंड्यात तांबडं हललं. ईश्वरी हसली आणि वळली.

"ही चलाखी झाली," नाना म्हणाले. "हिला बुद्धी न्हाई म्हणत."

"मग तुम्ही स्कूटरच्या आरशात बघता ते काय, नाना?" मी म्हणाले.

मावशींनी हंडा उचलून आत नेऊन ठेवला. मग माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, ओटा चढायला-उतरायला हात द्यावा लागतो.

"माझा भाऊबी असाच व्हता," त्या म्हणाल्या. "मुका. सावली बघून वळायचा. लई शाना. पर गाव म्हणायचं खुळा. हाक ऐकू जात न्हाई म्हणून खडा मारायचे पाठीत. 'ए, हिकडं बघ' म्हणायच्या जागी खडा. मरंस्तवर." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "हिच्या पाठीत खडं नकोत, शालन. वसतिगृहात समदी हिच्यासारखीच असत्याल."

मी भाजी बाजूला सरकवली आणि त्यांना उतरायला हात दिला.

*

आता शेवटचा.

पाडवा तोंडावर आला होता. उसाचा हंगाम संपत आलेला, ट्रॅक्टर दिवसभर कारखान्याकडं पळत होते. आमच्या आळीच्या तोंडाला ब्रेकर आहे. तिथं ट्रॉली हळू झाली की पोरं मागून, दोन ट्रॉल्यांच्या मधून ऊस ओढतात. आम्हीही ओढलेत. नानांनीही.

त्या दुपारी ईश्वरी घरी आली ती आपल्याहून उंच ऊस घेऊन. केस विस्कटलेले. डोक्याला बटण नाही.

सारिका तिच्यापुढं गुडघ्यावर बसली. आपल्या कानामागं हात लावून विचारलं, "कुठंय?"

ईश्वरीनं तिला हाताला धरून ब्रेकरपाशी नेलं. तळवा आधी डोक्याला लावला, मग विजेच्या लोखंडी खांबाला, आणि मग हात लांब केला, कारखान्याच्या रस्त्याकडं. ऊस ओढताना डोकं ट्रॉलीच्या लोखंडाला लागलं होतं. बटण डोक्यावरून सुटून ट्रॉलीला चिकटलं, आणि ट्रॉली गेली.

"झालं," हौसामावशी म्हणाल्या. "सरकार दुसरं देणार न्हाई, आपल्याच्यानं घेणं हुणार न्हाई. भरा तिची पिशवी."

आमच्या ह्यांचा दुधाचा टेम्पो दारातच होता. आम्ही मागं दुधाच्या कॅनांच्या मधे बसलो, सारिका, ईश्वरी, मी. मावशींना कुणी चला म्हटलं नव्हतं, पण त्यांनीही हात वर केला आणि मी ओढून घेतलं.

"ट्रॉलीचा नंबर बघितला का कुणी?" नाना मागून ओरडले.

"ट्रॅक्टर निळा होता," मी म्हणाले. तेवढं मी ओट्यावरून बघितलं होतं.

सारिका लेकीच्या हातातला ऊस काढून घ्यायला गेली तर पोरीनं किंकाळी फोडली आणि ऊस छातीशी धरला.

"कानाचं गेलं त्याचं काय न्हाई," मावशी म्हणाल्या. "ऊस सुटंना. हावरी."

कारखान्याच्या आवारात उतरलो तर काय! ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, रांगा लावून उभे, आणि त्यातले निम्मे निळे. रांगेच्या टोकाला वजनकाटा. काट्यावरून गाडी थेट गव्हाणीवर जाते, तिथं साखळ्या लावून ऊस उचलतात आणि खाली टाकतात. त्या हिसक्यात बटण गळालं की उसाबरोबर चरकात.

गेटवरचा वॉचमन बिचारा म्हणाला, "नंबर बताओ, नहीं तो ड्राइवर का नाम बताओ." आमच्याकडं दोन्ही नाही. आमचे हे एका रांगेत पळाले, मी दुसऱ्या, निळा दिसला की वाकून बघायचं. सारिका वॉचमनला हातवारे करून बटण केवढं ते सांगत होती. तेवढ्यात ईश्वरी तिचा हात सोडून निघाली.

ती ट्रॅक्टरकडं बघतच नव्हती. एका ट्रॉलीपाशी जायची, हातातला ऊस तिथल्या उसाला लावायची, थांबायची, पुढं जायची. परत ऊस लावायचा, परत पुढं.

"सारिका, तो ऊस टाकून दे म्हणावं तिला," मी ओरडले.

मावशींनी माझं मनगट धरलं. "थांब. बघ तिच्याकडं. उसाला ऊस जुळवून बघतीया ती."

"म्हंजे?"

"तिच्या हातातला तांबूस हाय. ह्या गाड्या समद्या पांढऱ्या उसाच्या." मावशींचा आवाज खाली गेला. "जल्म गेला माझा उसात. मला कसं न्हाई सुचलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या उसाला पोरीनं दातसुद्धा लावला नव्हता.

पार पलीकडच्या रांगेत तांबूस उसाची गाडी उभी होती. ईश्वरीनं ऊस लावून बघितला आणि दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडात वाकून शिरली. त्याच वेळी रांग पुढं सरकली. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर चालू केला.

सारिका लांब होती. ती तिथूनच पळत सुटली. आम्ही होतो मागं.

"ईश्वरीऽ!" मावशी ओरडल्या. मी ओरडले. आजूबाजूचे ड्रायव्हर ओरडले. समोर पोरीची पाठ, तशीच वाकलेली.

मावशी खाली वाकल्या आणि त्यांनी एक खडा उचलला. हात वर गेला.

हात वरच राहिला.

आणि मग माझ्या ओट्यावरून उतरायला ज्यांना हात लागतो, त्या हौसामावशी पळाल्या. दोन्ही ट्रॉल्यांच्या कडेनं, ट्रॅक्टरला वळसा घालून, थेट त्याच्या तोंडापुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर गचका खाऊन थांबला.

"ए म्हातारे, मरायचंय का?" ड्रायव्हर खेकसला. "मागं काय बोंबाबोंब चाललीय?"

"नात हाय माझी, गाडीच्या मधी."

"मग हाका मारताय ते तिला ऐकू येत न्हाई व्हय?"

"न्हाई येत," मावशी म्हणाल्या. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. "तुला दिसतं ना? उतर, बघ, आन् मग हाक गाडी."

तो उतरेपर्यंत ईश्वरी बाहेर आली होती. तळहातावर बटण, त्याला काळं ग्रीस.

सारिकानं ते पदरानं पुसलं, तिच्या डोक्याला लावलं. लगेच पोरीनं तोंड वाकडं केलं. गव्हाणीच्या साखळ्या, ट्रॅक्टर, हॉर्न. तिनं बटण काढलं, आईच्या तळहातावर ठेवलं आणि आईची बोटं एकेक करून मिटवली.

येताना टेम्पोत ईश्वरी मावशींना टेकून बसली होती, दोघींच्या मांडीवर आडवा तो ऊस. मावशींच्या मुठीत खडा अजून तसाच होता. हायवे लागला तेव्हा त्यांना तो दिसला, आणि त्यांनी तो बाहेर टाकला.

"आत्या," सारिका हळूच म्हणाली, "वसतिगृहाला काय कळवायचं?"

"मला काय इचारती? तिला इचार."

सारिका लेकीच्या कानाशी वाकली.

"तशी न्हवं," मावशी म्हणाल्या. "म्होरं बसून इचार."