दौलतचा पऱ्हाटी-चिमटा

देवळीच्या वर्कशॉपमधले आम्ही तिघं-चौघं अजून चहाला जमतो. शेडच्या कोपऱ्यात भंगार साचावं तसे किस्से साचलेत. कुठूनही सुरू करा, गाडी दौलतवरच येते. दौलत आमचा वेल्डर.

इमर्जन्सी उठली त्या सालची गोष्ट. कापूस निघाला की कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, बाया हातानं उपटायच्या. तळवे सोलून निघायचे. दौलतनं ट्रकच्या स्प्रिंगचा जुना कमानपाटा कापला, त्याचा दातेरी जबडा केला, लांब दांडा जोडला. दांडा दाबला की पऱ्हाटी मुळासकट वर! पहिला चिमटा बायकोला दिला. आठ दिवसांनी ती म्हणाली, "आता भाकर थापताना हात चुरचुरत नाई."

वर्कशॉपमधून चिमटे विकले जाऊ लागले, मग एका कंपनीचे साहेब आले. कॅमेरा, टेप, वही. दौलतनं चहा पाजला, चिमटा सुटा करून दाखवला, टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. वर म्हणतो कसा, "टेप सैल नोका धरू साहेब, माप चुकते!"

दोन वर्षांनी वकिलाची नोटीस आली. डिझाइन कंपनीच्या नावावर रजिस्टर आहे, नक्कल बंद करा. वर्कशॉपचे मालक घाबरले, चिमटे बनवणं बंद. मी नोटीस वाचून दाखवली. दौलत नोटिशीला जोडलेलं चिमट्याचं चित्रच पाहत बसला.

"चित्र मात्र झकास काढलं, गड्या!"

त्या दिवशी नाही, पण नंतर कितीतरी दिवस तो जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा.

कंपनीचे जबडे तडकायचे. लोक ते दौलतकडेच आणत. तो मागून एक आडवी पट्टी मारून द्यायचा. पुढच्या हंगामात कंपनीचं नवं मॉडेल आलं. मागे आडवी पट्टी! पोस्टरवर लिहिलेलं, 'आता अधिक मजबूत'.

मी भडकलो. "काऊन गप बसतं बे तू?"

त्यानं पट्टीवर बोट फिरवलं. "वेल्डिंग कच्चं हाय."

शेवटचं वर्ध्याच्या कृषी प्रदर्शनातलं. तेव्हा दौलतची नजर अधू झालेली, वेल्डिंग सुटलेलं. कंपनीच्या स्टॉलवर मातीच्या ढिगात पऱ्हाट्या रोवलेल्या. टाय लावलेल्या साहेबानं दौलतच्या हाती चिमटा दिला, कुठं पाय ठेवायचा, कुठं दाबायचं, सगळं समजावलं. दौलतनं मान हलवत ऐकलं. मी तोंड उघडणार, तर त्यानं माझा दंड धरला.

मग एका झटक्यात पऱ्हाटी उपटली.

"वा काका!" साहेब खूश. "पहिल्यांदाच वापरताय ना?"

दौलतनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं दांडा पुसला, चिमटा जागेवर ठेवला.

"हो जी," म्हणाला. "पहिल्यांदाच."