अक्कांचं मिश्री लावणं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, सकाळी कितीही हाका मारल्या तरी त्या नुसतं “हूं” म्हणायच्या. डाव्या तळहातावर मिश्री, उजवं बोट दातांवर आणि पाठ मागच्या भिंतीला. एरवी घरभर राबणारी ही बाई तेवढा वेळ कुणाचीच नसायची. चूळ भरली की मग सगळ्यांना एकदम उत्तर, “हां, बोला आता. कोण मेलं?” सासूबाईही तोवर थांबायच्या, कारण त्याही मिश्री लावायच्या.

मी लातूरहून औशाजवळच्या या खेड्यात सून म्हणून आले, तेव्हा अक्कांनी आठवड्याच्या आत डबी पुढे केली. तंबाखू त्या स्वतः तव्यावर भाजायच्या आणि आम्ही सगळे शिंकत सुटायचो. “घे की. हे तोंडात असल्याबिगर बायकांना हितं बसता येत न्हाई.” मी एकदाच लावली आणि गरगरून आडवी झाले. अक्का पोट धरधरून हसल्या.

पुढे त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. तिखट सोसेना. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मिश्री आजच सोडा, नाहीतर कॅन्सर होईल. अक्कांनी घरी येताच डबी उकिरड्यावर भिरकावली. दुसऱ्या दिवशी सवयीनं भिंतीला टेकल्या, तर सासूबाई म्हणाल्या, “रिकामीच हाईस तर दाळ तरी निवड.” अक्का उठल्या. रोजच काहीतरी निघायचं. थोड्याच दिवसांत तव्यावर पुन्हा तंबाखू आली.

मी संतापले. “अक्का, जिवावर बेतंल हो!”

“मला काय मरायची लई हौस हाय? पन मी बसू कवा, ते सांग की.”

मी सासूबाईंना विनवलं, “आत्या, अक्कांना सकाळी जरा बसू द्या.” त्या खरोखरच गोंधळल्या. “मी कवा नको म्हनलं? मिसरी लावून बसतीच की ती.”

शेवटी अक्कांचा गाल कापावा लागला. बोलणं कळेनासं झालं, पातळ पेजेवर आल्या. मग मात्र त्यांना कुणी काम सांगितलं नाही. त्या दिवसभर बसून असायच्या. दिवाळीच्या आधी गेल्या.

आता सासूबाईही नाहीत, मीच सासू झाले. परवा सून मागच्या दारी नुसतीच बसली होती. मला बघून झटकन उठली आणि झाडू उचलला. मी तो तिच्या हातून काढून घेतला. “बस गं,” म्हटलं. ती बसली, पण अवघडून. मग मीही शेजारी टेकले. अक्कांची फार आठवण आली.