सॅम्पल नंबर सहा : सावंतमामा

आम्ही जुने लॅबवाले जमलो की चहा येण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "तो अंगठ्याचा किस्सा सांग ना!" पाच वर्षांत माझे शोधनिबंध दोनच झाले, किस्से मात्र पोतंभर. ऐंशीच्या दशकात गोवंडीजवळची आमची लॅब तोंडाच्या कॅन्सरवर काम करायची. मांडवाला बांबू असतात तशी पेशीला आतून उभं ठेवणारी प्रथिनं असतात. त्यातलं केराटिन माझ्या वाट्याला आलं. कॅन्सर होताना हे बांबू बदलतात का, एवढंच शोधायचं होतं.

*

प्रथिनं जेलीच्या पातळ वडीतून विजेने पळवली की प्रत्येकाचा निळा पट्टा उमटतो. पहिल्याच महिन्यात मला सगळ्या सॅम्पलमध्ये एक जास्तीचा पट्टा दिसला. नवीन प्रथिन! मी घरी पेढे आणायला सांगून मोकळी.

आमच्या गाईड मॅडमनी वडी उजेडावर धरली. "अभिनंदन. तुला तुझा अंगठा सापडलाय."

कातडीतही केराटिन असतं, आणि मी हातमोजे घातलेच नव्हते.

*

मग हातमोज्यांची सक्ती झाली. ते धुऊन, पावडर लावून परत वापरायचे. दोरीवर वाळत घालायचं काम सावंतमामांचं. मामा आमचे अटेंडंट, मूळचे मालवणचे, गिरणी सुटल्यावर इथे लागलेले. एकदा तपासणीला आलेले साहेब दोरीवरचे चाळीस पंजे पाहून दारातच थबकले.

मामा म्हणाले, "काय नाय साहेब, जुने स्टुडंट."

*

मुलुंडला मला बघायला आले, तेव्हा मुलाच्या काकांनी विचारलं, "नक्की काय करता तुम्ही?" मी उत्साहात सांगितलं, "तंबाखू खाणाऱ्यांच्या गालात आतून काय बदलतं, ते बघते."

काकांनी नंतर तोंड उघडलंच नाही. पोहे तसेच राहिले. लग्न मात्र झालं.

*

पुढे निरोगी गालाचे नमुने हवे होते, म्हणून लॅबमधल्या सहा जणांचे गाल आतून खरवडून घेतले. सहावे मामा. वहीत मीच लिहिलं, "सावंत, नॉर्मल." त्यांच्या खिशातली तंबाखूची डबी मी रोज पाहत होते, तरी लिहिलं.

पाच जणांचं ठीक आलं. मामांच्या रांगेत एक जास्तीचा पट्टा होता, कातडीत असतो तसा; निरोगी गालात आतून तो नसतो. मी घाबरून मामांना म्हटलं, "डॉक्टरांना दाखवून या."

"हो तुझोच आंगठो असतलो, बाय," मामा हसले.

मी तीनदा परत केलं. पट्टा तिथेच. मामा तीनदा म्हणाले, "आंगठो." शेवटी मॅडम म्हणाल्या, "मामा, आता तुम्हीच करा."

इतकी वर्षं बघून मामांना सगळं येत होतं. त्यांनी हातमोज्यांचे दोन जोड चढवले, डोक्याला टॉवेल गुंडाळला, मला दाराबाहेर उभं केलं. संध्याकाळी वडी स्वतः उजेडावर धरली. पाच रांगा स्वच्छ, सहावीत पट्टा. मामांनी हातमोज्यांचे दोन्ही जोड काढून दोरीवर वाळत घातले. मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ते तपासून आले. गालात पांढरा चट्टा होता. कॅन्सर नव्हता, पण तंबाखू आजच सोडायला डॉक्टरांनी बजावलं होतं.

सोमवारी मी डीप फ्रीझ उघडला. माझ्या नमुन्यांच्या रांगेत, सहाव्या जागी, बर्फाने पांढरी झालेली मामांची डबी होती. तिच्यावर लॅबचं लेबल, मामांच्या अक्षरात:

"सावंत. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये."